घेताना दिवा नव्हता, आठवड्यात लागला: जुन्या स्पोर्ट्स कारचे मिटवलेले कोड कसे ओळखायचे

जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांची तक्रार दर वेळी तीच असते. गाडी बघायला गेलो तेव्हा मीटरवर एकही दिवा नव्हता. चक्कर मारली, इंजिनाचा आवाज ऐकून जीव खूश झाला, पैसे मोजले आणि गाडी घरी आणली. चार-पाच दिवसांनी सकाळी गाडी सुरू करताना, नाहीतर बांबोळीचा चढ चढताना, इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझायचं नावच घेईना. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "माझ्याकडे असताना एकदाही लागला नाही." गोव्यात पर्वरी, फोंडा, मडगाव, म्हापसा, गाव बदलतं, गाडी बदलते, हकीकत बदलत नाही.

साध्या हॅचबॅकमध्ये हा दिवा लागला तर खर्च बहुधा सोसण्यासारखा असतो. ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, पोर्शे बॉक्सस्टर किंवा ऑक्टाव्हिया व्हीआरएस अशा गाड्यांत तोच ऑक्सिजन सेन्सर, प्लगला ठिणगी देणारी तीच कॉईल, धूर स्वच्छ करणारा तोच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कितीतरी महाग पडतो आणि बाहेरून मागवावा लागला तर गाडी महिनाभर उभी राहते. म्हणून तर दुरुस्तीऐवजी दिवा विझवून विकण्याचा मोह होतो. लोक वर्षानुवर्षं पैसे साठवून अशी गाडी घेतात. त्यांची फसगत तासाभराच्या तपासणीने टळू शकते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मुद्दा एकच आहे. दिवा कोणालाही पाच सेकंदांत विझवता येतो. पण विझवल्याची खूण गाडीच्या संगणकात राहते आणि ती घालवायला गाडी बरीच चालवावी लागते. तेवढी चालवली की दोष स्वतःहून परत येतो. ही खूण कशी वाचायची, ते समजून घ्या.

दिवा नाहीसा कसा होतो

दोष सापडला की गाडीचा संगणक त्याचा ठरलेला क्रमांक, म्हणजे कोड, नोंदवतो आणि दिवा लावतो. तो विझवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे स्कॅनर, म्हणजे संगणकातले कोड वाचणारं यंत्र, लावून कोड मिटवणं. दुसरा, बॅटरीची वायर काढून काही वेळ ठेवणं. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेही कोड जातात. तिसरा मार्ग उघड लबाडीचा: मीटर उघडून दिव्यावर चिकटपट्टी लावायची किंवा दिवाच काढायचा. चौथा सगळ्यात चतुर आणि स्पोर्ट्स कारमध्येच जास्त सापडणारा: इंजिनचा प्रोग्रॅम बदलून तो विशिष्ट कोड कायमचा बंद करायचा. त्याकडे शेवटी येतो.

कोड मिटवल्यावर दिवा लगेच का परत येत नाही? कारण इंजिनचा संगणक प्रत्येक गोष्ट प्रत्येक क्षणी तपासत नाही. मिसफायर (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं), इंधनाचं मिश्रण आणि सेन्सरांच्या वायरी यांवर त्याची सतत नजर असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा यांची चाचणी मात्र ठरावीक परिस्थिती जुळून आली तरच होते: इंजिन पुरेसं तापलेलं, वेग काही मिनिटं स्थिर, टाकीत पेट्रोल ना फार कमी ना फार जास्त. शिवाय बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा पेटतो. पहिल्या फेरीत तो कोड नुसता 'पेंडिंग' म्हणून नोंदला जातो. पणजीतल्या पणजीत फिरणाऱ्या गाडीला ही परिस्थिती जुळायला आठवडाही लागतो. विकणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच आठवडा.

आधी चावी, मग स्कॅनर

गाडी बघायला जायच्या आधी सांगून ठेवा की इंजिन थंड हवं आहे, सकाळपासून सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर का सुरू केली ते विचारा. थंड इंजिनाचे दोष गरम इंजिनात लपतात. विशेषतः थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठली असेल तर पहिली दोन मिनिटं इंजिन थरथरतं आणि नंतर काही झालंच नाही असं शांत होतं.

बसल्यावर इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. बटणाच्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबा. मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ घ्या, कारण डोळ्यांना एका वेळी इतके दिवे टिपता येत नाहीत. इंजिन, ऑइलचा दाब, बॅटरी, एबीएस, एअरबॅग, ट्रॅक्शन हे दिवे उजळायला हवेत. यांतला एखादा पेटलाच नाही तर बल्ब गेला आहे किंवा मुद्दाम काढला आहे. दोन्हींचं उत्तर मागा.

आता इंजिन सुरू न करता पंधरा-वीस सेकंद थांबा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी हीच महत्त्वाची आहे. एअरबॅगची यंत्रणा स्वतःची चाचणी घेते आणि काही सेकंदांनी तो दिवा आपोआप विझतो, इंजिन सुरू असो वा नसो. ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेलेच राहतात. एअरबॅगचा दिवा ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर, त्याच क्षणी विझत असेल तर त्याची वायर त्या दिव्याला जोडलेली असण्याची दाट शंका घ्या. काही गाड्यांत याच वीस सेकंदांच्या शेवटी इंजिनचा दिवा काही वेळा मिचकावतो. अशा गाड्यांत त्याचा अर्थ आतल्या चाचण्या पूर्ण झालेल्या नाहीत असा होतो. मालकाच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं.

नव्या गाड्यांत मीटर म्हणजे सगळा पडदाच असतो, तिथे बल्ब काढण्याचा प्रश्न नाही. पण तिथेही सॉफ्टवेअरने एखादी सूचना बंद करता येते. तेव्हा स्कॅनर लागतोच.

घड्याळ चुकलेलं आहे का, रेडिओची स्टेशनं पुसली आहेत का, ट्रिपमीटर शून्यावर आहे का, एका स्पर्शात पूर्ण वर जाणारी काच अर्ध्यावर थांबते का, हेही बघा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढून लावल्याच्या या खुणा असतात. "दादा, बॅटरी अलीकडे बदलली का?" एवढंच विचारा. बदलली असेल तर बिल असेल.

स्कॅनर कोणता

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष शोधून नोंदवण्याची व्यवस्था. हजारभर रुपयांत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि मोबाईलवरचं ॲप पहिल्या गाळणीला पुरेसं आहे. आयफोन असेल तर अडॅप्टर त्याला चालतो का ते घेण्याआधी बघा, साधे ब्लूटूथ अडॅप्टर त्याला जोडले जात नाहीत. सोळा पिनांचा पोर्ट स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वर असतो. अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी सक्तीचं झालं. भारतात बीएस-४ मोटारींना ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. आपल्याकडे विकायला येणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कार बहुतांश युरोपातून आलेल्या असल्याने २०१३ च्या आधीच्या गाडीतही हा पोर्ट सहसा चालू असतो.

पण स्वस्त अडॅप्टर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स, उघडणारं छत यांचे कोड त्या-त्या कंपनीची भाषा जाणणाऱ्या स्कॅनरलाच दिसतात. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, बीएमडब्ल्यूसाठी बिमरलिंक, पोर्शेसाठी ड्युरामेट्रिक. गाडी मनात भरली आणि पहिल्या गाळणीतून पार पडली तर अशा स्कॅनरने पूर्ण तपासणी करवूनच घ्या. गोव्यात ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही त्या गाडीसाठी मुंबई किंवा बेंगळुरूला जावं लागलं तरी तो खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

स्कॅनर जोडलाच जात नसेल तर आधी फ्यूज बघा. पोर्टला वीज पुरवणारा फ्यूज अनेक गाड्यांत सिगारेट लायटरचाही असतो. फ्यूज ठीक असून पोर्ट मेलेला असेल तर तो दुरुस्त करून दाखवल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका.

कोड नसलेली गाडी कशी वाचायची

इथेच सगळं गुपित आहे. लोक स्कॅनर लावतात, 'कोड नाहीत' असं वाचतात आणि समाधानाने काढून ठेवतात. खरी माहिती त्याच्या पुढच्या पानांवर असते.

पहिलं पान रेडिनेसचं. संगणकाने कोणकोणत्या चाचण्या पूर्ण केल्या ते तिथे दिसतं: कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, सेन्सरचा हीटर, बाष्प यंत्रणा वगैरे. कोड मिटवले की या सगळ्या चाचण्याही 'अपूर्ण' होतात. रोज वापरातल्या, काही न मिटवलेल्या गाडीत त्या पूर्ण असतात. एखादीच अपूर्ण असेल तर घाबरू नका. बाष्प यंत्रणेची चाचणी टाकी जवळजवळ भरलेली किंवा रिकामी असताना होतच नाही. सगळ्याच अपूर्ण असतील तर कोड अलीकडेच मिटवले गेले आहेत.

दुसरं, 'कोड मिटवल्यापासूनचं अंतर'. हा आकडा विकणाऱ्याला बोटाने बदलता येत नाही, तो गाडी चालूनच वाढतो. विकणारा म्हणतो दोन वर्षांत काही काम निघालं नाही आणि आकडा म्हणतो चौदा किलोमीटर. कोणावर विश्वास ठेवायचा ते सांगायला नको. त्याच्याच बाजूला मिटवल्यापासून इंजिन किती वेळा पूर्ण तापलं याची मोजणी असते. अंतर चौदा आणि तापण्याची मोजणी सहा-सात असेल, तर कोणीतरी गाडी जागेवर तापवत, मिटवलेला कोड परत येतो का ते बघत बसलं होतं असं समजा. काही जुन्या युरोपीय गाड्या हे आकडे देत नाहीत. तिथे रेडिनेसवरच भिस्त ठेवावी लागते.

तिसरं, दिवा पेटवण्याचा हुकूम. संगणक स्वतः सांगतो की मी इंजिनचा दिवा लावला आहे की नाही. डिचोलीच्या एका मित्रासाठी पाहिलेल्या दोन दारांच्या गाडीत स्कॅनर म्हणत होता दिवा लागलेला आहे, आणि मीटरवर तिथे अंधार. त्यापुढे काही विचारायची गरज उरली नाही. दिवा पेटलेला असताना किती किलोमीटर गाडी चालली तेही वेगळं दिसतं. तो आकडा शेकड्यांत असेल तर मालकाने तो दिवा बराच काळ बघत गाडी चालवली आहे.

चौथं, पेंडिंग कोड. दिवा न पेटवता नोंदले गेलेले. यांना साठवलेल्या कोडइतकंच वजन द्या.

पाचवं, चेसिस नंबर. संगणकातला, आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला, तिन्ही जुळले पाहिजेत. संगणकातला वेगळा निघाला तर इंजिनचा कंट्रोल युनिट दुसऱ्या गाडीचा आहे. का बदलला, त्याचं बिल कुठे?

कोड मिटवण्यामागे प्रामाणिक कारणही असू शकतं, हे विसरू नका. कालच सर्व्हिसिंग झालं, बॅटरी बदलली, सेन्सर बदलला. अशा वेळी विकणाऱ्याला खोटं पाडायला जाऊ नका. बिल बघा आणि गाडी पुरेशी चालवून पुन्हा स्कॅन करू असं सांगा. ज्याच्या मनात काही नाही तो तयार होतो.

चक्कर कुठे आणि कशी

कॉलनीत दोन गल्ल्या फिरून आलेली चक्कर कोडच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. संगणकाच्या चाचण्या पूर्ण व्हाव्यात अशी वाट निवडा. उत्तर गोव्यात असाल तर थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा, मग म्हापशाच्या रहदारीतून बाहेर पडून कोलवाळ, धारगळ, पत्रादेवीकडे महामार्गाने जा आणि वेगमर्यादेत राहून दहा-पंधरा मिनिटं एकाच वेगाने चालवा. मधे जागा बघून ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक न लावता वेग आपसूक उतरू द्या. दक्षिणेत हेच वेर्णा ते मडगाव पट्ट्यात रहदारी कमी असताना साधतं.

मग चढ. टर्बो, कॉईल आणि इंधनाचा पंप यांचे दोष भार आल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट याला उत्तम. तेवढा वेळ नसेल तर फोंड्याच्या फर्मागुढीचा चढही काही सांगून जातो. खालच्या वेगावरून वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. धक्के बसले, ताकद एकदम तुटली किंवा इंजिनचा दिवा मिचकावू लागला तर तिथेच पाय काढा. मिचकावणारा दिवा म्हणजे मिसफायर इतका आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं आहे.

चक्करभर एखाद्या जाणत्याला शेजारी बसवून स्कॅनरवरचे चालू आकडे बघायला सांगा, चालवणाऱ्याने मोबाईलकडे बघू नये. पाण्याचं तापमान इंजिन तापल्यावर साधारण ८५ ते १०५ अंशांत स्थिर राहावं. इंजिन चालू असताना व्होल्टेज साडेतेरा ते पावणेपंधराच्या आसपास असावं. आणि फ्यूएल ट्रिम. संगणक मूळ हिशोबापेक्षा किती टक्के जास्त वा कमी पेट्रोल सोडतो आहे ते हा आकडा सांगतो. पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, दहाच्या पुढे गेला तर कुठेतरी हवा गळते आहे, सेन्सर घाण आहे किंवा पंप थकला आहे. साधारण पंचवीसच्या आसपास गेल्यावर पी०१७१ सारखा, मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा कोड पडतो. म्हणजे कोड पडण्याच्या कितीतरी आधी हा आकडा बोलू लागतो.

यात एक आपल्याकडची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं. दहा टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या परदेशी गाडीत त्यामुळे ट्रिम तीन-चार टक्के वर सरकलेला दिसतो. तेवढ्यावरून गाडीत दोष काढू नका.

परत आल्यावर इंजिन बंद करण्याआधी पुन्हा स्कॅन करा आणि पेंडिंग कोड बघा.

कोणता कोड किती गंभीर

कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी असेल तर ब्रेक-सस्पेन्शन, बी असेल तर बॉडी आणि एअरबॅग, यू असेल तर कंट्रोल युनिटांमधला संवाद. सगळे कोड इथे देण्यात अर्थ नाही, स्पोर्ट्स कारमध्ये वारंवार भेटणारे सांगतो.

पी०३०० ते पी०३०८ मिसफायरचे. शेवटचा आकडा सिलिंडरचा, शून्य असेल तर कुठला एकच असा नाही. एकाच सिलिंडरचा असेल तर कॉईल शेजारच्या सिलिंडरवर बदलून बघतात. कोड कॉईलबरोबर सरकला तर दोष कॉईलचा, खर्च आटोक्यात. जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

पी०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचा. याला कधीकधी मागचा ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका सायलेन्सर कारण असतो, पण किंमत ठरवताना नवा कन्व्हर्टर लागेल असंच धरा.

पी०२९९ टर्बोचा दाब कमी. फाटलेला पाईप असेल तर नशीब, टर्बोच गेला असेल तर मोठा खड्डा. पी००८७ इंधनाच्या रेलमध्ये दाब कमी. बीएमडब्ल्यूच्या एन५४ या दोन टर्बोंच्या इंजिनात उच्च दाबाचा पंप ही जगभर माहीत असलेली दुखरी जागा आहे, अमेरिकेत कंपनीने त्याची वॉरंटी वाढवून दिली होती. झेड४ ३५आय बघत असाल तर पंप बदलल्याचं बिल मागा.

पी००१६ म्हणजे इंजिनमधल्या क्रँक आणि कॅम या दोन फिरत्या दांड्यांची वेळ जुळत नाही. टायमिंग चेन ताणली गेली असण्याची शक्यता. हा कोड दिसला आणि विकणारा 'सेन्सर असेल' म्हणाला, तर तो त्यानेच बदलून दाखवावा. पी१७बीएफ फोक्सवॅगन गटाच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दिसतो, गिअर बदलणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटमधल्या तेलाच्या दाबाचा. तो असेल तर मी तरी त्या गाडीपासून दूर राहीन.

एअरबॅगचा कोड स्वस्त सुटेल असं धरू नका. स्टिअरिंगखालची फिरती पट्टी तुटली असेल तर ठीक. पण अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावून कोडच गायब करण्याचा प्रकार होतो. तो स्कॅनरला सापडत नाही. म्हणून सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यांच्या पट्टीवरची तारीख गाडीच्या वर्षाशी ताडून बघा आणि डॅशबोर्डची कातडी, स्टिअरिंगचं मधलं झाकण मूळचंच आहे का ते नीट निरखा. यात जिवाचा प्रश्न आहे.

खारी हवा, पाऊस आणि बंद बंगले

इथल्या गाड्यांना दोन जास्तीचे शत्रू आहेत. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मिरामार, दोना पावला, कळंगुट, कोलवा अशा ठिकाणी उभ्या गाड्यांवर खारं वारं सतत असतं. त्यातून जे दोष येतात त्यांचे कोड घाबरवणारे दिसतात आणि कारण मात्र क्षुल्लक असतं. उलटही होतं: क्षुल्लक वाटणाऱ्या कोडमागे गालिच्याखाली साचलेलं पाणी निघतं.

चाकाजवळचे एबीएस सेन्सर आणि त्यांचे कनेक्टर हिरवे पडतात, मग सी००३५ सारखे कोड येतात. एबीएस, ट्रॅक्शन आणि हँडब्रेक असे तीन दिवे एकदम लागतात आणि माणूस हबकतो. कनेक्टर उघडून बघा. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली तर यू ने सुरू होणारे कोड ढीगभर दिसतात. मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि इंजिनच्या धातूवर लावून स्टार्टर फिरवायचा. फरक ०.२ व्होल्टच्या फार पुढे गेला तर अर्थिंग खराब.

सुट्टीपुरता वापर असलेल्या बंगल्यांतल्या गाड्या जून ते सप्टेंबर हलतच नाहीत. बॅटरी उतरते, आणि कमी व्होल्टेजमुळे प्रत्येक कंट्रोल युनिट काही ना काही कोड नोंदवून ठेवतो, पी०५६२ तर ठरलेला. वीस-पंचवीस कोड दिसले म्हणून अशी गाडी लगेच सोडू नका. अहवाल जपून ठेवा, मालकाच्या परवानगीने कोड मिटवा, चांगल्या बॅटरीवर वरची चक्कर मारा आणि परत येतात ते कोड कोणते ते बघा. तेच खरे.

छत उघडणाऱ्या गाडीत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आंब्या-फणसाच्या पानांनी तुंबतात. पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टरमध्ये इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) डबा सीटखाली असतो आणि जुन्या कापडी छताच्या झेड४ मध्ये छताची मोटर पाणी साचण्याच्याच जागी. दोन्ही बुडून मरतात. सीट मागे सारून गालिच्याखाली हात घाला. ओल लागली किंवा कुबट वास आला तर कोड असो नसो, किंमत त्या हिशोबाने बोला. पावसाळ्यात गाडी बघणं यासाठी फायद्याचंच.

प्रोग्रॅम बदललेली गाडी

सायलेन्सर बदललेला, आवाज मोठा, 'स्टेज टू', म्हणजे ताकद वाढवण्याची दुसरी पायरी, केली आहे असं अभिमानाने सांगितलं जातं. अशा गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून पी०४२० हा कोड प्रोग्रॅममधूनच बंद केलेला असू शकतो. मग रेडिनेसच्या यादीत कॅटॅलिस्टची चाचणी 'लागू नाही' अशी दिसते. कंपनीच्या मूळ गाडीत ती नेहमी लागू असते, हा फरक पकडा. जॅकवर घेऊन खालून बघितलं की कन्व्हर्टर आहे की नुसता पाईप, ते कळतंच. अशी गाडी पीयूसीत अडकू शकते आणि मूळ रूपात आणायचा खर्च तुमच्या माथी येतो.

पोर्शेमध्ये आणखी एक मौल्यवान नोंद असते: इंजिन मर्यादेपेक्षा जास्त किती वेळा आणि इंजिनच्या कितव्या तासाला फिरलं. २००९ नंतरच्या इंजिनांत याच्या सहा पायऱ्या असतात. वरच्या पायऱ्यांत नोंद असेल तर हाताच्या गिअरमध्ये चुकून खालचा गिअर पडला होता असं समजा. ती घटना अगदी अलीकडच्या तासांतली असेल तर ती गाडी घेऊ नका.

इंजिनचे एकूण तास मिळाले तर मीटरवरच्या किलोमीटरना त्यांनी भागा. अठ्ठावीस हजार किलोमीटर आणि एकोणीसशे तास म्हणजे ताशी पंधराची सरासरी, आणि स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ती पटण्यासारखी नाही. फोक्सवॅगन गटाच्या आणि बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत कोडबरोबर तो पडला तेव्हाचे किलोमीटरही नोंदलेले असतात. मीटर चाळीस हजार सांगतं आणि गिअरबॉक्सचा जुना कोड सत्तर हजारांवर पडलेला, असं दिसलं तर मीटर मागे फिरवलं आहे.

विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर

निघून या. 'इलेक्ट्रॉनिक्स बिघडतं' ही सबब खरी नाही. कोड वाचल्याने गाडीला काही होत नाही. टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर लिहून घ्या: पूर्ण स्कॅनमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस किंवा एअरबॅगचा दोष निघाल्यास रक्कम परत. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी येईपर्यंत वेळ असतोच, त्या काळात दुसरा स्कॅन करवून घ्या.

गाडी घेतली आणि दिवा लागलाच असेल तर

कोड मिटवू नका. पहिला स्कॅन होईपर्यंत बॅटरीही काढू नका. कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम' नोंदलेली असते: दोष घडला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती तापलेलं, भार किती, ट्रिम किती. दुरुस्ती करणाऱ्याला याच्याइतकी मदत कशाचीच होत नाही आणि मिटवल्यावर ती कायमची जाते. पडद्याचे फोटो काढा, रेडिनेस आणि मिटवल्यापासूनचं अंतर यांचेही. घेतल्या दिवशीचं मीटर तुमच्या कागदांवर असेल, आजच्या मीटरमधून मिटवल्यापासूनचं अंतर वजा करा आणि येणारा आकडा त्याच्याशी ताडून बघा. मिटवण्याचा दिवस व्यवहाराच्या आधीचा निघाला तर विकणाऱ्याशी बोलायला तुमच्याकडे पुरावा आहे.

दिवा स्थिर पिवळा असेल, गाडी नीट चालत असेल आणि तापमान ठीक असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. मिचकावत असेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर एक किलोमीटरही चालवू नका, टो करा. कोड एकापेक्षा जास्त असतील तर आधी व्होल्टेजचे आणि यू चे दोष निस्तरा, मग मिसफायर आणि मिश्रण, आणि कॅटॅलिस्टचा पी०४२० सगळ्यात शेवटी. मिसफायर दुरुस्त केल्यावर तो कित्येकदा परत येत नाही, आणि आधीच नवा कन्व्हर्टर बसवलात तर मिसफायर तोही जाळून टाकतो.